फिरती नजर आणि काचबिंदू

(जागतिक काचबिंदू सप्ताहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, दृष्टिक्षेत्राची तपासणी, जिला दवाखान्यात आपण सरसकट ‘फील्ड टेस्ट’ म्हणतो, ती मी अनेक वर्षे करत आलो आहे, म्हणून त्या तपासणीच्या अंधाऱ्या खोलीतूनच सुरुवात करतो. सत्तरीच्या एक आजी एका डोळ्यावर पट्टी लावून, हनुवटी टेकवून पांढऱ्या अर्धगोलासमोर बसल्या आहेत. समोरच्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठेही बारीकसा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे, एवढेच त्यांना सांगितले आहे. ठिपका चमकतो आणि आजींचे बुबुळ तिकडे वळते. मी म्हणतो, “आजी, समोर बघा.” त्या ओशाळून म्हणतात, “बघतेय रे बाळा, पण डोळाच जातो तिकडे.”

आजींचे काहीही चुकत नाही. कडेला काही हलले किंवा चमकले की नजर तिकडे वळणे हा डोळ्याचा धर्मच आहे. आपली तपासणी मात्र हा धर्म दाबून धरायला सांगते. नेहमीच्या प्रकारात सहा-सहा अंशांच्या अंतरावरील ५४ जागा एकेका डोळ्यासाठी तपासल्या जातात. त्यात काही मिनिटे जातात, आणि तेवढा वेळ नजर खिळवून ठेवणे थकलेल्या माणसाला फार जड जाते. या तपासणीच्या छापील अहवालात अगदी तळाशी एक बारीक रेघ असते. डोळा हलला की ती वर उसळते आणि पापणी मिटली की खाली जाते. आम्ही ती रेघ पाहतो ती फक्त अहवाल कितपत भरवशाचा आहे हे ठरवण्यासाठी. डोळ्याची हालचाल म्हणजे तपासणीतला दोष, असेच आम्हाला शिकवले गेले. गेल्या काही वर्षांत संशोधकांच्या काही गटांनी नेमका उलटा विचार केला, की डोळ्याला फिरू द्यावे आणि तो कसा फिरतो हेच मोजावे. हा विचार मला मनापासून पटतो, आणि तो का पटतो हेच आज सांगायचे आहे.

काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू झिजते. या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. सर्वसाधारणपणे २५ ते ३५ टक्के तंतू गेल्यानंतरच फील्ड टेस्टमध्ये स्पष्ट दोष उमटतो, असे अभ्यास सांगतात. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातील दाब कमी करून उरलेली नजर मात्र जपता येते. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. घरोघरी जाऊन केलेल्या आपल्याकडील पाहण्यांत असे दिसले, की दहा रुग्णांपैकी नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती.

ही कल्पना का नसते, याचे उत्तर लंडनच्या सिटी विद्यापीठातील डेव्हिड क्रॅब आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका साध्या अभ्यासात आहे. काचबिंदूने जग कसे दिसते हे सांगण्यासाठी आपल्या भित्तिपत्रकांवर कडा काळ्याभोर झालेले, नळीतून पाहिल्यासारखे चित्र असते. त्यांनी ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रे दाखवून, तुम्हाला दिसते तसे चित्र निवडा, असे सांगितले. काळ्या कडांचे चित्र एकानेही निवडले नाही. निम्म्याहून अधिक रुग्णांनी काही भाग धूसर असलेले चित्र निवडले, काहींनी एखादी वस्तूच गायब असलेले, आणि १३ जणांना नजरेत काही उणे आहे हे मुळीच जाणवत नव्हते. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या दृश्याने भरून काढतो. शेजारून येणारी मोटारसायकल त्या जागेत असेल, तर तिथे काळा डाग दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो. म्हणून “तुम्हाला नीट दिसते का?” या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे “हो” म्हणतो.

माणसाला जे सांगता येत नाही ते त्याच्या नजरेच्या वाटेत सापडते. स्पष्ट दिसणारा भाग दृष्टीच्या मध्यावर जेमतेम दोन अंशांचा असतो, त्यामुळे आपण सेकंदाला साधारण तीन वेळा नजरेच्या उड्या मारत जग पाहतो. वाचतानाही डोळा ओळीवरून सलग घसरत नाही, तो झटक्याझटक्याने पुढे जातो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांतून पुढे आले. हे जाव्हाल स्वतः नेत्रवैद्य होते, आणि काचबिंदूनेच त्यांची दृष्टी १९०० च्या सुमारास पूर्ण गेली. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा मला क्षणभर थांबावे लागते.

प्रत्येक उडी कुठे मारायची हे कडेची नजर ठरवते, आणि काचबिंदू बहुधा आधी तिच्यावरच घाला घालतो. कडेचा एखादा भाग मंदावला की त्या दिशेच्या उड्या उशिरा निघतात, अपुऱ्या पडतात किंवा निघतच नाहीत. आय-ट्रॅकर, म्हणजे नजरेचा माग घेणारे यंत्र, हे टिपते ते अवरक्त प्रकाशाने. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही; कॅमेऱ्याला मात्र त्यात बाहुली गडद दिसते आणि कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, एक चमकता ठिपका दिसतो. या दोहोंमधील अंतर आणि दिशा यांवरून नजर पडद्यावर कुठे आहे हे काढता येते. प्रयोगशाळेतील चांगली यंत्रे सेकंदाला हजार वेळा ही नोंद करतात.

एडिनबरो येथील गटाने हे तंत्र लहान मुलांसाठी वापरले. पडद्यावर ठिपका आला आणि मुलाची नजर त्या दिशेने, तेवढ्याच अंतरावर गेली, तर मुलाला तो दिसला असे धरायचे, बटण नकोच. आमच्या आजींची जी चूक होती, तीच इथे उत्तर ठरली. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी रॉटरडॅमच्या सहकाऱ्यांबरोबर ठिपका चमकल्यापासून नजर निघेपर्यंतचा वेळ मोजला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात काचबिंदूच्या रुग्णांमध्ये हा वेळ निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळला. आयआयटी दिल्ली, एम्स आणि नेदरलँड्समधील खोनिंगेन विद्यापीठ यांच्या संयुक्त कामात रुग्णाने पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्याचा फक्त नजरेने पाठलाग करायचा असतो.

सर्वांत धाडसी प्रयोग पुन्हा क्रॅब यांच्या गटाचा. त्यांनी २०१४ मध्ये ४४ रुग्ण आणि ३२ निरोगी वयस्क यांना दूरदर्शनवरील व चित्रपटातील काही तुकडे नुसते पाहू दिले आणि नजरेच्या उड्यांचे नकाशे संगणकाला शिकवले. १०० निरोगी माणसांपैकी ९० जणांना निरोगी ठरवायचे अशी पातळी ठेवली, तर १०० रुग्णांपैकी पंचाहत्तरहून थोडे अधिक ओळखता आले.

हा आकडा ऐकून हुरळून जाणे सोपे आहे, म्हणून आपण तो गावातल्या नेत्रशिबिरात नेऊन पाहू. चाळिशीपुढचे १००० लोक आले आणि त्यांत ३० जणांना काचबिंदू आहे असे मानू. यंत्र त्यांतले सुमारे २३ पकडेल, ७ निसटतील. उरलेल्या ९७० निरोगी लोकांपैकी ९७ जणांवर मात्र ते उगाच बोट ठेवेल. म्हणजे ‘संशयित’ १२० आणि खरे रुग्ण त्यांत साधारण पाचात एक. शिवाय ज्या रुग्णांवर हे तंत्र जोखले गेले ते आधीच निदान झालेले होते. शिबिरात येणारा रुग्ण पहिल्या पायरीवरचा असेल, तर निसटणारे वाढतील.

त्यात आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या. दाट काजळ घातले की कॅमेरा कधी पापणीच्या काळ्या कडेलाच बाहुली समजतो. वयाने पापणी उतरलेली असते, मोतीबिंदूमुळे दृश्यच धूसर असते, चष्म्याच्या काचेवर प्रकाश परततो. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून एकेक डोळा वेगळा तपासणे भाग आहे.

तरीही हे तंत्र शिबिरात यावे असे मला वाटते, ते निदानासाठी नव्हे तर चाळणी म्हणून. एका नेत्रवैद्याला दिवसभरात १००० जणांची नस पाहणे शक्य नाही, १२० जणांची पाहणे कष्टाचे पण शक्य आहे. ज्या ९७ जणांवर उगाच संशय आला त्यांना त्याच दिवशी, त्याच मांडवात डॉक्टरांनी नस तपासून मोकळे करावे, त्यांना तालुक्याच्या गावी खेटे घालायला लावू नये. आणि निसटलेल्या सात जणांसाठी, यंत्राला दोष न आढळलेल्या सर्वांना द्यायच्या चिठ्ठीवरचा मजकूर फार जपून लिहावा लागेल. तिच्यावर ‘काचबिंदू नाही’ असे कधीही छापू नये. ‘आज नजरेच्या हालचालीत दोष आढळला नाही, घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरांकडून डोळ्याची नस तपासून घ्या’ एवढेच, मराठीत, आजींना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात.