हार्लेमच्या आकड्यांची मालकीण

श्रोतेहो, नमस्कार.

आकडा लावणे हा शब्दप्रयोग ऐकला की आपल्याकडच्या माणसाला मुंबईचा मटका आठवतो. गिरणगावातल्या नाक्यावरची चिठ्ठी आठवते, ओपन आणि क्लोज आठवते. मटक्याचा उगम न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराशी जोडलेला आहे, हेही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिथले कापसाचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत आणि त्या भावांतल्या आकड्यांवर पैसे लागत. 1961 साली ते भाव येणे थांबले, आणि मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याचा काळ सुरू झाला. मात्र त्याच न्यूयॉर्क शहरात, त्याआधी जवळजवळ चार दशके, अगदी याच पद्धतीचा धंदा हार्लेम या वस्तीत जोरात चालला होता आणि त्यातली एक मोठी पेढी एका बाईच्या हातात होती. तिचे नाव स्टेफनी सेंट क्लेअर. आज मला तिच्याविषयी बोलायचे आहे, कारण गुप्तपणावर जगणाऱ्या दोन-तीन प्रबळ टोळ्यांच्या कचाट्यात सापडलेल्या या बाईने त्यांच्याविरुद्ध जे हत्यार उचलले, ते त्या जगात फारसे कोणी उचलत नसे. ती उघडपणे, नाव-गाव घेऊन बोलली.

आधी धंदा समजून घेऊ. शून्य शून्य शून्यपासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंतचा कोणताही तीन अंकी आकडा निवडायचा आणि त्यावर एक सेंटपासून पुढे परवडेल तेवढे लावायचे. न्यूयॉर्कमधल्या बँकांचे एकमेकींशी होणारे रोजचे हिशेब ज्या क्लिअरिंग हाउसमध्ये मिटत, ते आपल्या उलाढालीच्या रकमा दररोज जाहीर करी आणि वर्तमानपत्रे त्या छापत. त्या रकमांतल्या ठरलेल्या स्थानांवरचे अंक जुळवले की त्या दिवसाचा आकडा तयार होई. ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः कॅस्पर होल्स्टीन या कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय गृहस्थाला दिले जाते. पद्धतीची खुबी अशी, की आकडा पेढीवाल्याच्या हातात नव्हता. तो वॉल स्ट्रीटवरून येई, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कोणालाही पडताळता येई, आणि त्यामुळे गरीब माणसाचा त्यावर विश्वास बसला. आकडा लागला तर एका डॉलरला साधारण सहाशे डॉलर मिळत. म्हणजे हजारांत एक शक्यता आणि सहाशेपट परतावा. उरलेल्या चारशेतून चिठ्ठ्या गोळा करणाऱ्यांचे कमिशन, पोलिसांचा हप्ता आणि पेढीचा नफा निघे. हे गणित पाहिले की पेढीवाले श्रीमंत का होत, ते वेगळे सांगायला नको.

हार्लेममध्ये हा धंदा इतका का फोफावला, याचेही कारण आहे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेच्या दक्षिणेकडून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या शहरांत आली; कॅरिबियन बेटांवरूनही आली. त्यांना वरच्या दर्जाच्या नोकऱ्या नव्हत्या, घरभाडे मात्र इतरांपेक्षा चढे होते, आणि बँकेच्या दारात कर्ज मागायला गेले तर कोणी उभे करत नसे. अशा वस्तीत आकड्यांची पेढी ही जुगाराच्या पेढीबरोबर सावकाराचीही पेढी झाली. दुकान टाकायला, मयताच्या खर्चाला पैसा मिळायचा तो तिथून. होल्स्टीन यांनी तर याच पैशातून ‘ऑपॉर्च्युनिटी’ या मासिकाच्या साहित्य पुरस्कारांना रक्कम पुरवली. चिठ्ठ्या गोळा करत हिंडणाऱ्या तरुणांना त्यातून रोजगार मिळे, आणि तोही दारातल्या दारात.

अशा बाजारात सेंट क्लेअरबाई 1920 च्या दशकात उतरल्या. आपण फ्रान्सच्या आहोत असे त्या सांगत; कागदपत्रांवरून मात्र त्यांचा जन्म फ्रेंच ताब्यातल्या कॅरिबियन बेटांवर झाला असावा असे दिसते. फ्रेंच त्यांना उत्तम येई, इंग्रजी त्या ठसक्यात बोलत, आणि चिडल्या म्हणजे कोणत्या भाषेत काय निघेल याचा नेम नसे. उंची पोशाख, फरचे कोट, एजकूम अ‍ॅव्हेन्यूवरच्या 409 क्रमांकाच्या प्रतिष्ठित इमारतीत बिऱ्हाड. हार्लेम त्यांना ‘मादाम क्वीन’ म्हणे. पुढे याच इमारतीत विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि न्यायमूर्ती होऊ घातलेले थर्गुड मार्शल राहिले, यावरून त्या पत्त्याचे वजन लक्षात यावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाईंना गरिबांची कैवारी ठरवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो मला मान्य नाही. त्यांची श्रीमंती आली ती दिवसभर दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या, दुसऱ्यांची घरे झाडणाऱ्या बायकांच्या सेंटा-सेंटांतून. माणसे त्यांना वचकून असत, आणि त्यांच्या बाजूने हाणामारी करायला एल्सवर्थ जॉन्सन, म्हणजेच पुढे ‘बंपी’ या नावाने गाजलेला तरुण, तयार होता. धंद्यात त्या कठोर होत्या, निष्ठुर म्हणावे इतक्या. पण ज्यांच्याशी त्यांची गाठ पडली, त्यांच्यापुढे हा निष्ठुरपणा कमीच पडावा, अशी परिस्थिती होती.

पहिली गाठ पडली ती पोलिसांशी आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या टॅमनी हॉलशी. टॅमनी ही 1789 च्या सुमाराची संघटना. मुळात ती शपथा, विधी आणि पदव्या असलेली बंधुमंडळी होती. तिच्या पुढाऱ्यांना ‘सॅशेम’ म्हणत आणि सभागृहाला ‘विगवाम’. पुढे तिने डेमोक्रॅटिक पक्षाचे न्यूयॉर्कमधले सगळे यंत्र ताब्यात घेतले. नगरपालिकेच्या नोकऱ्या, न्यायाधीशांच्या नेमणुका, पोलिसांच्या बदल्या, सगळे तिथूनच हले. हप्ता पोचला की धाड पडत नसे, आणि हप्ता पोचूनही कधी कधी पडे.

सेंट क्लेअरबाई हप्ता देत होत्या. तरीही त्यांची माणसे पकडली जाऊ लागली. तेव्हा 1929 साली त्यांनी जे केले, ते वाचताना मला आजही नवल वाटते. ‘अ‍ॅमस्टरडॅम न्यूज’ या हार्लेमच्या वर्तमानपत्रात त्यांनी स्वतःच्या नावाने पैसे भरून जाहिराती दिल्या. त्यांत पोलिसांच्या जुलमाच्या तक्रारी होत्या, आणि त्याबरोबर हार्लेमच्या रहिवाशांना सल्लाही होता: पोलीस दारात आले तर झडतीचे वॉरंट दाखवा असे म्हणा, वॉरंट नसेल तर आत घेऊ नका. एक बेकायदा धंदा करणारी बाई संपूर्ण वस्तीला तिचे कायदेशीर हक्क छापील अक्षरांत शिकवते, ही गोष्ट एरवी नागरी हक्कांच्या इतिहासात पहिल्या पानावर यावी.

पोलिसांनी उत्तर दिले. 1929 च्या डिसेंबरअखेर बाईंना आकड्यांच्या चिठ्ठ्या बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली. आपल्याला अडकवले गेले, असे त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. शिक्षा झाली, आणि 1930 मधले काही महिने त्यांनी वेल्फेअर आयलंडवरच्या तुरुंगात काढले. सुटून आल्यावर दुसऱ्या कोणी तोंड बंद ठेवले असते. पण त्याच सुमारास माजी न्यायाधीश सॅम्युएल सीबरी यांची न्यायालये आणि पोलीस यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी सुरू झाली होती. बाई तिथे साक्षीला गेल्या, आपण आकड्यांचा धंदा चालवत होतो हे उघड मान्य केले, आणि पोलिसांना पैसे दिल्याचे व त्यांनी शब्द न पाळल्याचे सांगितले. काही पोलिसांवर निलंबनाची पाळी आली. या चौकशीचे पर्यवसान पुढे 1932 साली महापौर जिमी वॉकर यांच्या राजीनाम्यात झाले. त्यात इतर कितीतरी साक्षी आणि प्रकरणे होती हे खरे, पण स्वतःचा गुन्हा पदरी घेऊन बोलणाऱ्यांत ही बाई होती.

दुसरी गाठ याहून वाईट होती. ब्राँक्समधला आर्थर फ्लेगनहायमर, जगात डच शुल्ट्झ म्हणून ओळखला जाणारा, दारूबंदीच्या काळात बिअर विकून गबर झाला होता. दारूबंदी उठणार अशी चिन्हे दिसू लागली, तशी त्याची नजर हार्लेमच्या सेंटांवर गेली. तोवर गोऱ्या टोळ्यांना हा धंदा चिल्लर वाटत असे. 1928 साली होल्स्टीन यांचे अपहरण झाले आणि खंडणी मागितली गेली, तेव्हा या चिल्लरीत किती पैसा आहे हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांना कळून चुकले. 1931 च्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास फार लोकांनी लावलेला एक आकडा नेमका लागला आणि कितीतरी पेढ्या एका दिवसात बसल्या. शुल्ट्झने अशा पेढ्यांना उचल दिली आणि बदल्यात मालकी घेतली. ज्यांनी नकार दिला, त्यांच्या माणसांना मार बसला, काहींचे जीव गेले. न्यूयॉर्क क्यूबन्स या बेसबॉल संघाचे मालक अ‍ॅलेक्स पोम्पेझ यांच्यासारखा बडा पेढीवालाही अखेर वाकला. पोलीस आणि टॅमनीचा पुढारी जिमी हाइन्स शुल्ट्झच्या खिशात होते. त्यामुळे दाद मागायला जागाच उरली नव्हती.

सेंट क्लेअरबाई वाकल्या नाहीत. शुल्ट्झच्या चिठ्ठ्या घेणाऱ्या दुकानांत त्या एकट्या शिरल्या, काचेची कपाटे फोडली, चिठ्ठ्या फाडल्या आणि दुकानदाराला हार्लेममधून चालते व्हायला फर्मावले. महापौरांकडे आणि सरकारी वकिलाकडे त्यांनी शुल्ट्झचे नाव घेऊन तक्रारी नेल्या, पत्रकारांना बोलावून आपल्या जिवाला कोणापासून धोका आहे ते सांगितले. याची किंमत त्यांना चुकवावी लागली. शुल्ट्झचे मारेकरी मागावर असताना एकदा आपण तळघरात कोळशाच्या ढिगाखाली लपून बसलो, असे त्यांनीच नंतर सांगितले. फरचा कोट घालणाऱ्या बाईने कोळशाखाली श्वास रोखून बसावे, इतकी त्या दिवसांत वेळ आली होती. दरम्यान क्लिअरिंग हाउसने आपल्या रकमा पूर्वीसारख्या जाहीर करणे बंद केले आणि आकडा घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांच्या एकूण रकमांवरून काढला जाऊ लागला. शुल्ट्झकडे ऑटो बर्मन नावाचा गणिती डोक्याचा माणूस होता. तो ऐनवेळी शर्यतीत पैसे ओतून, लोकांनी जास्त लावलेला आकडा येणारच नाही अशी व्यवस्था करी. ज्या विश्वासावर हार्लेमचा धंदा उभा होता, तो विश्वासच यामुळे मोडला. आणि माझ्या मते मारामाऱ्यांपेक्षा हे नुकसान मोठे होते.

तिसरी मंडळी होती सिसिलियन माफियाची. शपथ घेऊन आत घेतलेली, मौन हाच धर्म मानणारी. 1931 साली मासेरिया आणि मारान्झानो हे दोन म्होरके पाच महिन्यांच्या अंतराने मारले गेले, आणि लकी लुचानोने टोळ्यांचे वाद मिटवण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. या मंडळाला रक्तपाताचा तिटकारा नव्हता, पण गाजावाजा नको होता. 1935 साली विशेष सरकारी वकील टॉमस ड्यूई शुल्ट्झच्या मागे लागले, तेव्हा शुल्ट्झने ड्यूईंनाच ठार करण्याचा आग्रह धरला. मंडळाने उलट शुल्ट्झचाच निकाल लावायचे ठरवले. 23 ऑक्टोबर 1935 रोजी न्यू जर्सी राज्यातल्या नूअर्क शहरात, पॅलेस चॉप हाउस या खाणावळीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. बर्मनलाही तिथेच गोळ्या लागल्या आणि तोही वाचला नाही. शुल्ट्झ दुसऱ्या दिवशी इस्पितळात मेला. मरणाच्या दारात असताना त्याला एक तार आली, अशी बातमी वर्तमानपत्रांत झळकली. तारेखाली ‘मादाम क्वीन’ अशी सही होती आणि मजकूर बायबलमधला होता: जसे पेराल तसे उगवेल.

शत्रू मेला, पण पेढी परत आली नाही. बंपी जॉन्सनने लुचानोच्या माणसांशी समझोता केला आणि हार्लेमचा आकडा इटालियन टोळ्यांच्या छत्राखाली गेला. जो तरुण बाईंसाठी शुल्ट्झच्या माणसांशी झुंजला, त्यानेच हा व्यवहार केला, याबद्दल काही जण त्याला दोष देतात. मला तो दोष देववत नाही. त्या क्षणी हार्लेमच्या हातात दुसरे काही शिल्लक होते असे दिसत नाही.

बाईंचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. 1936 साली सुफी अब्दुल हमीद यांच्याशी त्यांनी कराराचे लग्न केले. जी दुकाने कृष्णवर्णीयांना नोकरी देत नाहीत तिथे खरेदी करू नका, या हार्लेमच्या चळवळीतले ते आक्रमक नेते होते. 1938 च्या जानेवारीत बाईंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते बचावले, आणि बाईंना दोन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी हमीद विमान अपघातात गेले. 1939 साली आकड्यांच्या धंद्याला पाठबळ दिल्याबद्दल जिमी हाइन्स दोषी ठरला. त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत पोम्पेझ होते आणि शुल्ट्झचा स्वतःचा वकील डिक्सी डेव्हिसही होता. जी गोष्ट सेंट क्लेअरबाई 1930 साली सीबरींपुढे सांगून आल्या होत्या, ती टॅमनीच्या एका बड्या पुढाऱ्याविरुद्ध न्यायालयात सिद्ध व्हायला नऊ वर्षे लागली.

बाई 1969 साली वारल्या. त्याच वर्षी आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. न्यूयॉर्क राज्याची त्याआधी दोन वर्षे सुरू झाली होती. 1980 साली त्या राज्याने रोज निघणारा तीन अंकी आकडाही स्वतःच चालवायला घेतला. खेळ तोच, शून्य शून्य शून्यपासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत. फक्त सरळ आकडा लागला तर सरकार एका डॉलरला पाचशे डॉलर देते. हार्लेमच्या पेढ्या सहाशे देत असत.

नमस्कार.