उन्हाची बेगमी

(बिनविजेच्या शेतघरावरील व्याख्यानाचा संपादित भाग)

कोकणातल्या आमच्या शेतावर मदतीला येऊ का, असं विचारणारी तरुण मंडळी पुढचा प्रश्न हमखास विचारतात: झाडं कधी लावायची? आणि हे चैत्रात! इथे चैत्रात लावलेल्या रोपाला मिरग येईपर्यंत पाणी कोण घालणार? विहीर तळाला गेलेली असते. वसंतात पेरणी हे चित्र थंड मुलखातलं. शेतावर काम करा, जेवा, राहा, पैशांची देवघेव नाही, ही पद्धतही तिकडचीच. 1971 साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी शनिवार-रविवारपुरती ती सुरू केली. पद्धत आम्ही आनंदाने घेतली, पण त्यांचं वेळापत्रक इथे चालत नाही.

आमच्याकडे महावितरणची तार नाही. एक किलोवॉटच्या सौर पॅनलमधून आत्ता दिवसाला चार-साडेचार युनिट मिळतात. आषाढात झड लागली की एखाद्या युनिटावर भागवायचं. मग बॅटऱ्या कशाला आहेत, असं कुणीतरी विचारतंच. 12 व्होल्टची, 150 अँपिअर-अवरची बॅटरी काठोकाठ भरली तरी त्यात 1.8 युनिट. तीही रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. रात्रीचे दिवे निघतात, पावसाळा निघत नाही.

उलट एक किलो खडखडीत वाळलेल्या लाकडात चार युनिटांइतकी उष्णता असते. साध्या चुलीत त्यातली बरीच वाया जाते, मान्य. पण ती चार महिने पडवीत गुपचूप बसून राहते. म्हणून वसंतातलं आमचं मुख्य काम एकच, ऊन दुसऱ्या रूपात साठवणं. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, ते चुलीत घातलं की आच पाणी उकळण्यातच जाते. तेव्हा ओंडके फोडायचे, खाली दगड टाकून वारा फिरेल असे रचायचे. शहरातल्या मुलांना हे फार सोपं वाटतं. पहिली रास हमखास कोसळते. रचलेल्या लाकडांखाली उघडे हात घालायचे नाहीत, विंचू असतो, हे मात्र पहिल्याच सकाळी दटावून सांगतो.

मग शेणी थापणं, आणि मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा बुडवायची. असे चार-पाच पूट. मदतीला आलेल्या पाहुण्यांना इतर कशापेक्षा हेच काम आवडतं. हात आठवडाभर जांभळट राहतात, त्याचे फोटो निघतात.

काम सकाळी सहा ते दहा, मग थेट साडेचारनंतर. मध्ये झोपा. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यातच भरते. विदर्भाच्या त्या उन्हापुढे आमचं काहीच नाही, पण इथला घाम वाळत नाही.

काही कामं मी पाहुण्यांना देत नाही. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मीच घालतो, खिडक्या उघड्या ठेवून, चष्मा लावून. कौलं फिरवायला वाडीतले जाणते लोक येतात आणि त्यांना पूर्ण मजुरी मिळते. चार फुकट हात घरात आहेत म्हणून त्यांचा रोजगार बुडवणं मला पटत नाही. पाहुण्यांनी खालून कौलं हातोहात द्यावीत आणि वर कोण कुठे पाय ठेवतोय ते बघावं.