टाटा इस्टेट: टेम्पोच्या सांगाड्यावरची मर्सिडीज

(पडद्यावर: पिवळसर पांढऱ्या रंगाची एक टाटा इस्टेट, बाजूने. कॅमेरा बॉनेटपासून मागे सरकत जातो.)

पुढून बघितलं तर नव्वदच्या दशकातली चारचौघींसारखी गाडी. पण मागे सरकत जा. सेडानची डिकी जिथे सुरू होते तिथे हिचं टप खाली येतच नाही. ते सरळ शेवटपर्यंत जातं. बाजूला आणखी एक लांबलचक काच, वर सामान बांधायला दोन रेल, आणि अगदी मागे वर उघडणारा पाचवा दरवाजा. ज्यांनी ही गाडी पूर्वी पाहिलेली नाही ते हमखास विचारतात, ‘जुनी मर्सिडीज आहे का?’

१९९२ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ही इस्टेट बाजारात आणली. आदल्याच वर्षी सिएरा आली होती, तीन दरवाज्यांची. तिच्या मागच्या बाकावर बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागायचं. त्यामानाने इस्टेट घरंदाज. पाच दरवाजे, बटणावर वर-खाली होणाऱ्या काचा, ऐसपैस बाकं. अँबॅसेडर, पद्मिनी आणि मारुती ८०० यांच्यात वाढलेल्या गिऱ्हाइकाला तिच्याकडे नेमकं कसं बघावं हेच कळेना.

आज गाड्यांच्या शौकिनांत बसा आणि इस्टेटचं नाव काढा. सुस्कारे ऐकू येतात. ‘आपल्याला कदर नव्हती.’ ‘काळाच्या पुढची गाडी.’ ‘भारतातली पहिली खरी स्टेशन वॅगन.’

यातलं शेवटचं वाक्य तपासून बघू. त्यासाठी गाडीखाली शिरावं लागेल.

(पडद्यावर: गॅरेजचा खड्डा. टॉर्चचा उजेड गाडीच्या पोटावर.)

हे बघा, मागच्या ॲक्सलवर पाटे. टेम्पोला असतात तसेच, एकावर एक रचलेले. आणि पुढपासून मागपर्यंत जाणारी ही दणकट चेसी. इस्टेट कुठल्याही सेडानपासून निघालेली नाही. ती निघाली आहे १९८८च्या टाटामोबाइल पिकअपपासून. मालवाहू गाडीचाच सांगाडा आणि त्याच घरातलं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन. ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्याही आत. वर मात्र अंगरखा असा बेतला, की मर्सिडीजच्या गावाची, स्टुटगार्टची आठवण यावी.

युरोपात वॅगनचा हिशेब याच्या नेमका उलटा असतो. आधी एक चांगली सेडान असते. तिचं टप मागे लांबवतात, डिकी आणि बैठक यांच्यातली भिंत काढून टाकतात, आणि बाकी गाडी आहे तशी ठेवतात. म्हणून ती वळणावर सेडानसारखीच वागते, उंच जीपसारखी कलंडत नाही, आणि तरी पोटात कपाट मावतं. शौकिनांचं वॅगनवरचं प्रेम या एका गोष्टीवर उभं आहे. मर्सिडीजने स्वतःच्या कारखान्यात पहिली वॅगन बनवली ती १९७८मध्ये, डब्ल्यू १२३ मालिकेत, ब्रेमेनला. ती गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी असायची तशीच डॉक्टरच्याही.

मग १९९४ साली व्होल्वोने कहर केला. ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत, जिथे सगळे सेडान पळवतात, तिथे ते ८५० इस्टेट घेऊन उतरले (ब्रिटनमध्ये वॅगनलाच इस्टेट म्हणतात). गाड्या तयार केल्या टॉम वॉकिनशॉ रेसिंगने, चालवल्या रिकार्ड रिडेल आणि यान लामर्सने. प्रेक्षक हसले. हसू दे, म्हणून चमूने एकदा मागच्या काचेतून बाहेर बघणारा भुसा भरलेला मोठा कुत्रा ठेवून गाडी ट्रॅकवर फिरवली. शर्यत त्या वर्षी एकही जिंकली नाही. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि व्होल्वोही सेडानवर आली. पण दोन चाकं उचलून कोपरा कापणाऱ्या त्या लांबुळक्या गाडीचा फोटो आजही भिंतींवर लागतो. जिंकलेल्या गाड्यांची नावं किती जणांना आठवतात? १९९४ सालीच पोर्शच्या मदतीने बनलेली ऑडीची आरएस२ वॅगन आली, ३१५ हॉर्सपॉवरची. वॅगन म्हणजे फक्त आजोबांची गाडी, हा समज तिथे त्या दिवसापासून कायमचा बाद झाला.

आता परत पिंपरीला येऊ.

इस्टेट आपल्याकडे चालली नाही, याची कारणं लोक फार गूढ करून सांगतात. मला ती साधी वाटतात. पैसे मोजणाऱ्याला डिकी हवी होती, दिसणारी, वेगळी, कुलूप लागणारी. सामान आणि माणसं एकाच टपाखाली, हे त्याला पटेना. मागची काच लांब, त्यामुळे ‘अँब्युलन्स आहे का’ हा विनोद ठरलेला. काही तर याहूनही वाईट वाहनाचं नाव घ्यायचे. आणि ज्याला खरोखर जास्त माणसं न्यायची होती, त्याच्यासाठी १९९४ला त्याच कंपनीने सुमो आणली. तसंच इंजिन, पण दहा माणसं कोंबता येतील अशी. तुळजापूरला अख्खं घर एका खेपेत नेणारी सुमो समोर उभी असताना पाच जणांची इस्टेट घेणार कोण?

(पडद्यावर: चंदेरी रंगाची मारुती बलेनो अल्टुरा, पावसात.)

खऱ्या अर्थाने वॅगन म्हणाव्यात अशा गाड्या नंतर आल्या. मारुतीची ही बलेनो अल्टुरा बघा. बलेनो सेडानचंच टप लांबवलेलं, १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. चालवायला इस्टेटच्या कितीतरी वरचढ. घाटात दोघींना एकामागे एक सोडा, वाद तिथेच मिटेल. २००४मध्ये टाटांनीही इंडिगोची मरिना काढली, तीही सेडानमधूनच घडवलेली. दोन्ही खपल्या नाहीत, आणि दोघींसाठी कोणी फारसे सुस्कारेही टाकत नाही.

माझ्या मते इस्टेटचा आजचा मान हा तिच्या रूपाचा मान आहे. त्यात गैर काही नाही. पण तो वॅगनच्या गुणांच्या खात्यावर मांडू नये. ते गुण अल्टुरात होते, आणि तेव्हा आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

उरलीसुरली आशा २००६च्या अर्थसंकल्पाने संपवली. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. आता गाडी लांब करणं म्हणजे गिऱ्हाइकाला भुर्दंड. कंपन्यांनी कात्री हातात घेतली. ज्या इंडिगोची मरिना झाली होती, तिचीच शेपटी छाटून २००८मध्ये इंडिगो सीएस आली, चार मीटरला जेमतेम कमी.

(पडद्यावर: कुर्ल्याचा सीएसटी रोड. दुकानांबाहेर टांगलेले दरवाजे, बंपर, दिवे.)

आज इस्टेट सांभाळणाऱ्याचा दिवस कसा जातो? इंजिनाची चिंता नाही. सुमोने तेच इंजिन गावोगाव पोचवलं, त्यामुळे कुठलाही जुना फिटर ते डोळे मिटून खोलतो. थंडीत चावी फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. जीव काढतात ते इस्टेटचेच म्हणून असलेले भाग. मागची बाजूची काच फुटली, की कुर्ल्याच्या भंगारात फेऱ्या सुरू. दारांची रबरं, मागचे दिवे, पाचव्या दरवाजाला उचलून धरणारे दांडे. या दांड्यांतला गॅस गेला की दरवाजा डोक्यात बसतो, म्हणून अनेक गाड्यांत मागे एक काठी कायम ठेवलेली असते. शोरूममध्ये कधी दिसली नसेल अशी ॲक्सेसरी.

सिएराचं नशीब उघडलं. २०२०च्या ऑटो एक्स्पोमध्ये ती नव्या रूपात मंचावर आली. इस्टेटला मात्र कोणी बोलावलं नाही.

आणि सरकारदरबारी ती अजून ‘जुनी’च आहे, ‘व्हिंटेज’ नाही. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात. त्यामुळे १९९२च्या इस्टेटवाल्याने दर पाच वर्षांनी आरटीओत जायचं, पर्यावरण कर भरायचा, पासिंग करून घ्यायचं, आणि २०४२ची वाट बघायची.