धुमसणारी पाणथळ

(दृश्य : भेगाळलेली काळी जमीन. भेगांतून वर येणारा पांढरा धूर.)

2009 सालचा ऑक्टोबर. स्पेनमधल्या ला मांचाच्या पठारावर एका पाणथळीला आग लागली आहे, पण ज्वाळा कुठेच दिसत नाहीत. जळतंय ते जमिनीच्या पोटात.

हे लास ताब्लास दे दायमिएल. 1973 पासूनचं राष्ट्रीय उद्यान. बदकांचा, करकोच्यांचा, उंच लव्हाळ्यांचा हा मुलूख. इथे कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर साचलेत. त्याला पीट म्हणतात. ओला असेपर्यंत त्यात हवा शिरत नाही. सुकला की आकसतो, भेगा पडतात आणि आतल्या आत तापून पीट आपणहून धुमसायला लागतो.

पण तो सुकला कसा?

(दृश्य : क्षितिजापर्यंत द्राक्षमळे. पंपाचा आवाज.)

ही पाणथळ निव्वळ पावसावर कधीच नव्हती. खालचा चुनखडीचा थर पाण्याने तुडुंब असायचा आणि ते पाणी ग्वादियाना नदीच्या झऱ्यांतून वर यायचं. सत्तरच्या दशकात विहिरी खणायची चढाओढ लागली. मका, बीट, आणि पुढे द्राक्षं. ला मांचाची द्राक्षवेल शतकानुशतकं कोरडवाहू होती, हे मुद्दाम सांगायला हवं. तिला पाण्याची चटक आपण लावली. भूजल कित्येक ठिकाणी 20 मीटरहून खाली गेलं. ऐंशीच्या दशकात झरे बंद पडले. बऱ्याच विहिरी विनापरवाना, त्यामुळे उपशाचा हिशेब कागदावर एक, शिवारात दुसरा.

मग ताहो नदीचं पाणी आणून सोडलं. 1988 पासून ते कोरड्या पात्रातून यायचं आणि बरंचसं वाटेतच मुरायचं. भूजल खोल असलं की वरून ओतलेलं पाणी तळ्यात थांबत नाही, खाली पळतं. सरकारी खर्चाने गळक्या घागरीत पाणी भरण्याचाच हा प्रकार.

(दृश्य : पाण्यावर उतरणारे पक्षी.)

2010 च्या हिवाळ्यात अतोनात पाऊस झाला. आग विझली, पाणथळ भरली. काही वर्षांनी झऱ्यांनाही पाणी दिसलं. शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेऊन उपसा कमी करायची योजना 2008 मध्येच मंजूर झाली होती. आर्थिक मंदीत तिचा निधी आटला. पाऊसही पुढे ओसरला. पंप मात्र चालू राहिले, आणि 2022 च्या उन्हाळ्यात पाणथळीचा बहुतेक भाग पुन्हा उघडा पडला.