मेम्फिसच्या आधीची डस्टी

नमस्कार मंडळी. आपल्याकडे साठच्या दशकातलं इंग्रजी पॉप म्हटलं की आधी बीटल्स येतात. त्यांच्यामागून क्लिफ रिचर्ड येतो, कारण तो लखनौत जन्मला हे कुणालातरी सांगायचंच असतं. ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डचं नाव निघालं तर एखादा विचारतो, 'पल्प फिक्शनमधल्या गाण्याची ना ती?' तीच. 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' 1994 साली त्या चित्रपटात वाजलं आणि एका नव्या पिढीला ती पहिल्यांदा भेटली. गाण्याने तोवर पंचविशी ओलांडली होती. ते ज्या अल्बममधलं, तो 'डस्टी इन मेम्फिस' तेव्हापासून नवनव्या आवृत्त्यांत निघतोच आहे. 'हे ऐकल्याशिवाय मरू नका' छापाची कुठलीही यादी घ्या, त्यात तो असतो.

माझी तक्रार आहे, पण अल्बमविषयी नाही. तो थोरच आहे. पण त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या, इतकं लिहून आलं, की बाकीची डस्टी त्याच्याआड गेली. 1964 ते 1968 या काळात लंडनमध्ये फिलिप्स कंपनीसाठी तिने जे चार अल्बम केले, ते लोकांना 'मेम्फिसच्या आधीची तयारी' वाटतात. माझ्या मते तिचा खरा आवाका त्या चारांत आहे, आणि तो आज ऐकता येतो तोही रीइश्यूंमुळेच, म्हणजे जुन्या रेकॉर्ड नव्याने बाजारात आल्यामुळेच. आज बोलायचंय ते याविषयी.

थोडी ओळख करून देतो. जन्म 16 एप्रिल 1939, लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागात. खरं नाव मेरी इझोबेल कॅथरीन बर्नाडेट ओ'ब्रायन. घर आयरिश, कॅथलिक. वडील ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात लहानाचे मोठे झालेले, धंद्याने करसल्लागार. ते मुलीच्या हातावर बोटांनी ठेका धरायचे आणि विचारायचे, ओळख, कुठली रचना? सुरांच्या आधी लय ओळखायला शिकलेली ही मुलगी. पुढे ती ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळून नेमक्या जागी कशी येते हे ऐकलंत, की वडिलांचा हा खेळ तुम्हाला आठवेल. मोठा भाऊ डिऑन याच्याबरोबर तिने 'द स्प्रिंगफील्ड्स' हा लोकगीतांच्या ढंगाचा गट काढला. भाऊ टॉम स्प्रिंगफील्ड झाला, ही डस्टी. 1963 मध्ये ती गटातून बाहेर पडली आणि 'आय ओन्ली वाँट टू बी विथ यू' हे तिचं एकटीचं पहिलं गाणं आलं. 1 जानेवारी 1964 ला बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' सुरू झाला, तेव्हा पहिल्याच भागात हे गाणं होतं.

पहिला अल्बम आला एप्रिल 1964 मध्ये, 'अ गर्ल कॉल्ड डस्टी'. कव्हरवर ही साध्या डेनिमच्या शर्टात. गाणी बारा, आणि गंमत म्हणजे ते गाजलेलं गाणं त्यात नाही! ब्रिटनमध्ये तेव्हा रीतच तशी होती. सिंगल म्हणून लोकांनी जे पैसे देऊन घेतलंय, तेच अल्बममध्ये घालून पुन्हा विकायचं नाही. सभ्य रीत, पण तिच्यापायी झालं असं की कलाकाराची सर्वांत लोकप्रिय गाणी एकीकडे आणि अल्बम दुसरीकडे. अमेरिकेत याच्या उलट. तिथली फिलिप्स सिंगल्स पुढे ठेवून, ब्रिटिश अल्बमची गाणी इकडची तिकडे करून, वेगळ्याच नावाने वेगळीच एलपी काढायची. त्यामुळे एकाच गायिकेची दोन देशांत दोन चरित्रं तयार झाली. 1990 च्या दशकात ब्रिटिश अल्बम सीडीवर आले तेव्हा मूळ गाणी मूळ क्रमाने ठेवून त्यामागे त्या-त्या काळातली सिंगल्स जोडली गेली, तेव्हा कुठे दोन्ही चरित्रं एका जागी आली. रीइश्यूचं हे पहिलं काम, आणि ते कमी समजू नका.

या अल्बममधलं 'मॉकिंगबर्ड' ऐका. मुळात हे स्त्री-पुरुषाचं, बहीणभावाने गायलेलं युगलगीत. डस्टी दोन्ही बाजू स्वतःच गाते.

(इथे गाणं ऐकवलं.)

दोन आवाजांत फरक करायला ती गळा बदलत नाही, वजन बदलते. आता दुसरा अल्बम. 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप डस्टी', 1965. मला विचाराल तर सगळ्यांत आनंदी रेकॉर्ड. सुरुवातीलाच अरीथा फ्रँकलिनने आधी गायलेलं एक गाणं घेऊन ती तुटून पडते. पुढे 'ला बाम्बा' आहे, स्पॅनिशमध्ये. 'डूडलिन' आहे, म्हणजे होरेस सिल्व्हरची जॅझ रचना. रंगभूमीवरचं एक मोठं भावगीत आहे. शेवटी गॉस्पेल, चर्चमधल्या टाळ्यांसकट. आणि रँडी न्यूमनचं 'आय हॅव बीन राँग बिफोर', ज्यात ती जवळजवळ कुजबुजते. न्यूमन तेव्हा एकवीस वर्षांचा, त्याचा स्वतःचा एकही अल्बम आलेला नव्हता. 1967 च्या 'व्हेअर अॅम आय गोइंग?' मध्ये जाक ब्रेलचं प्रसिद्ध गाणं ती इंग्रजीत सुरू करते आणि मधेच फ्रेंचमध्ये शिरते. त्याच अल्बममध्ये बर्ट बॅकरॅकचं 'क्लोज टू यू' आहे. तिने ते 1964 मध्येच रेकॉर्ड केलं होतं, तीन वर्षं पडून राहिलं. 1970 मध्ये कार्पेंटर्सनी गायलं आणि जगभर गाजलं, तेव्हा डस्टीची आठवण कुणाला झाली नाही.

पण असं सगळ्या प्रकारचं गाण्याचा तोटाही झाला, आणि तो आकड्यांत दिसतो. पहिले दोन अल्बम ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेले, 'व्हेअर अॅम आय गोइंग?' चाळिसाव्यावर थांबला. 1967 मध्ये रॉकवाले एका कल्पनेभोवती अख्खी एलपी बांधायला लागले होते आणि समीक्षकांना तेच हवं होतं. एका बाजूला सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं गॉस्पेलच्या वळणाचं पॉप, दुसऱ्या बाजूला ब्रॉडवेची नाट्यगीतं, मधे फ्रेंच गाणं. ही बाई नक्की कोण, हे त्यांना कळेना. 'अष्टपैलू' हे कौतुकाचं म्हणून वापरतात, पण दुकानदाराला रेकॉर्ड एकाच कप्प्यात ठेवायची असते.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. या रेकॉर्डवर निर्माता म्हणून नाव आहे जॉनी फ्रांझ यांचं. संगीत-संयोजक म्हणून अनेक ठिकाणी आयव्हर रेमंड. दोघेही उत्तम माणसं. पण नंतरच्या मुलाखतींत डस्टीने सांगितलंय की गाणी निवडणं, वादकांकडून हवा तो आवाज काढून घेणं, मिक्सिंग, यातलं बरंचसं ती स्वतः करत होती. लंडनच्या वादकांना मोटाउन या अमेरिकन सोल कंपनीच्या रेकॉर्डवर बेस गिटार कशी वाजते ते ही मुलगी तोंडाने वाजवून दाखवायची. ते अनुभवी वादक, बरेचसे जॅझवाले. त्यांना ते किती रुचत असेल ते आपण समजू शकतो. त्यावरून तिला 'त्रासदायक' हे बिरुद चिकटलं. पुरुषाने हेच केलं तर त्याला 'परफेक्शनिस्ट' म्हणतात, हे मी वेगळं सांगायला नको. स्टुडिओ तिला फार बोदा वाटायचा, म्हणून घुमारा मिळवायला कधी जिन्यात, कधी बायकांच्या स्वच्छतागृहात मायक्रोफोन लावून ती गायची. 'यू डोंट हॅव टू से यू लव्ह मी' जिन्यात गायलेलं. मूळ इटालियन गाणं, पिनो डोनाज्जोचं. 1966 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

हे सगळं एका एलपीवरून कळत नाही. लेबलावर जे छापलंय तेच खरं मानावं लागतं. पण चार अल्बम, मधली सिंगल्स, त्यांच्या मागच्या बाजूची गाणी (बी-साइड्स), न वापरलेली गाणी, हे एका ओळीत ऐकलं की वादक बदलतात, स्टुडिओ बदलतो, संयोजक बदलतो, आणि कान मात्र एकच राहतो. तो कान जॉनी फ्रांझचा नाही. रीइश्यूने लेबलावरचं नाव बदलत नाही, पण ऐकणाऱ्याचं मत बदलतं.

(इथे दोन गाणी ऐकवली.)

आता मेम्फिसकडे येऊ. 1968 मध्ये तिने अमेरिकेसाठी अॅटलांटिक कंपनीशी करार केला. कारण उघड होतं. तिला आवडणारे बरेच काळे गायक-गायिका तिथे होते. या संगीतावरचं तिचं प्रेम वरवरचं नव्हतं. डिसेंबर 1964 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाने वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांसमोर गाणार नाही, हे तिने करारातच घालून घेतलं होतं. मिश्र श्रोत्यांपुढे गायली म्हणून सरकारने तिला देशाबाहेर काढलं. 1965 मध्ये मोटाउनच्या कलाकारांना ब्रिटिश टीव्हीवर आणणारा खास कार्यक्रम तिनेच सादर केला. जाता जाता सांगतो, अॅटलांटिकचे जेरी वेक्सलर यांना लेड झेपलिन या नव्या गटाची शिफारस करणाऱ्यांतही तीच होती. त्यातला जॉन पॉल जोन्स तिच्यासाठी वाजवलेला होता.

तर मेम्फिस. वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन असे तीन निर्माते, अमेरिकन साउंड स्टुडिओचे कसलेले वादक, आणि ही तिथे एक ओळही धड गायली नाही! सोल गायक विल्सन पिकेट जिथे उभा राहून गायला होता तिथे आपण उभं राहायचं, या कल्पनेनेच तिची गाळण उडाली. वादन मेम्फिसमध्ये झालं, तिचा आवाज नंतर न्यूयॉर्कमध्ये भरला. म्हणजे अल्बमच्या नावात जे गाव आहे तिथे त्यातलं गाणं झालंच नाही. ती हेडफोनमध्ये संगीत इतकं मोठं लावायची की स्वतःचा आवाज तिला ऐकू येणं शक्य नाही, असं वेक्सलर पुढे सांगत. तरी ऐकताना वाटतं, बाई शेजारी बसून बोलते आहे. 1969 मध्ये तो अल्बम अमेरिकेत 99 व्या क्रमांकापर्यंत पोचला. त्यातलं गाणं पहिल्या दहात, अल्बम शंभरात कसाबसा.

याची सर्वांत भरगच्च आवृत्ती ऱ्हायनो या रीइश्यू काढणाऱ्या कंपनीने काढली 1999 मध्ये. मूळ गाणी अकरा, नव्या सीडीवर पंचवीस. त्याच वर्षी 2 मार्चला डस्टी गेली, स्तनाच्या कर्करोगाने, साठीला सहा आठवडे कमी असताना. जोडलेल्या चौदा गाण्यांतली काही 1971 ची आहेत, निर्माता जेफ बॅरीबरोबर केलेली. तो तिचा अॅटलांटिकसाठीचा तिसरा अल्बम व्हायचा होता. करार संपला, अल्बम कपाटात गेला. मग फेब्रुवारी 1978 मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रांचला अॅटलांटिकच्या गोदामाला आग लागली आणि हजारो टेप जळाल्या. त्यात ही गाणीही गेली असंच सगळे धरून चालले होते. पण बॅरींकडे मिक्स केलेल्या प्रती होत्या. त्यांवरून आधी काही गाणी ऱ्हायनोच्या आवृत्तीत आली, आणि 2015 मध्ये 'फेथफुल' नावाने पूर्ण अल्बम निघाला, तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी. निर्मात्याने प्रत घरी नेली नसती तर आज त्याचं नुसतं नाव उरलं असतं.

आता माझी कुरकुर. जादा गाणी जोडणं ही सवय कधीकधी अल्बमचा जीव घेते. 'डस्टी इन मेम्फिस' अकराव्या गाण्यावर संपायला हवा. तिथे त्याचा श्वास पुरा होतो. लगेच बारावं सुरू झालं, त्याचे वादक वेगळे, शहर वेगळं, की पाहुणे निघाल्यावर दारात पुन्हा ताट वाढल्यासारखं होतं. माझं सांगणं एवढंच, आधी मूळ अल्बम ऐका, प्लेअर बंद करा, बाकीचं दुसऱ्या दिवशी. फिलिप्सच्या अल्बमचं तसं होत नाही, कारण ते मुळातच सगळीकडे हुंदडणारे आहेत. जोडलेली सिंगल्स त्यांत बेमालूम मिसळतात.

दुसरं, आवाजाची सफाई. 'नव्याने मास्टर केलेलं' असं वाचलं की आपण भुलतो. मूळ टेपवरून केलंय की चौथ्या पिढीच्या प्रतीवरून, हे कव्हरवर बहुधा नसतं. त्यात काही सीडींवर आवाज सरसकट मोठा करून ठेवलेला असतो. डस्टी हळू आवाजातून मोठ्याकडे कशी चढते ही तिची खरी कारागिरी. सगळंच सारखं मोठं केलं तर ती चढणच सपाट होते.

कुठून सुरुवात करावी, असं मघाशी एकांनी विचारलं. मेम्फिसपासून नको. 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप डस्टी' घ्या, मग 'व्हेअर अॅम आय गोइंग?', आणि मग मेम्फिसला जा. तो अल्बम वेगळाच ऐकू येईल, कारण तिथे ती काय काय करायचं टाळते आहे हे तुम्हाला कळेल. जुनी एलपी मिळाली तर मोनो (सगळा आवाज एकत्र) घ्यावी की स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा), यावर प्रश्न येणार हे मला माहीत आहे. त्या काळात पॉपमध्ये जास्त मेहनत मोनो मिक्सवर व्हायची, एवढं सांगतो आणि त्या भांडणातून अंग काढून घेतो. बाकी विचारा.