उतार किती अंशांचा आहे?

(जळगाव येथे ट्रेकला जाणारी मुलं आणि त्यांच्या पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, डिसेंबर लागला की भुसावळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांत पाठीवर सॅक अडकवलेली आपली पोरं दिसायला लागतात. कुणी उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराला निघालेलं असतं, कुणी मनालीला. तोरणमाळ, पाटणादेवी पायाखाली घातलेली ही मुलं दमाची आहेत, त्याबद्दल मला शंका नाही. काळजी वाटते ती त्यांच्या नजरेची. सातपुड्यात आपण कडा दिसला की जपून पाय टाकतो आणि मोकळ्या उताराला लागलो की निर्धास्त होतो. बर्फात हीच सवय जीवावर बेतते, कारण तिथे मोकळ्या उतारावरच हिमस्खलन होतं, म्हणजे साठलेला बर्फ सुटून खाली कोसळतो.

उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, झडून जातो. अगदी मंद उतारावरून तो सहसा सुटत नाही. ३० ते ४५ अंशांच्या मधल्या उतारावर मात्र तो भरपूर साठतो आणि सुटतोही. फोटोसाठी थांबावंसं वाटतं, तो उतार बहुधा हाच असतो. मोबाइलमधल्या कोनमापकाने तो मोजता येतो. मोजाच.

आता बर्फाच्या पोटात काय चालतं ते सांगतो. हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर रात्रीची कडाक्याची थंडी. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि तळाशी सुटे, टोकदार, एकमेकांना न चिकटणारे कण तयार होतात. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. खळ्यात पसरलेल्या ज्वारीवर पाट ठेवून उभं राहावं, तशी ही रचना असते. फावड्याने कमरेइतका खड्डा घेऊन त्याच्या भिंतीवर हात दाबून बघा. मधल्या थरात एक बोट कसंबसं शिरतं आणि त्याच्याखाली अख्खी मूठ आत जाऊन कण भुरभुर गळायला लागतात. असं दिसलं, तर त्या उतारावर जायचं नाही. थोडाच बर्फ आहे म्हणून धोका कमी, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पायाखाली ‘धुप्प’ असा दबका आवाज आला, बर्फाला लांब भेग गेली, शेजारच्या उतारावर ताजा बर्फ कोसळलेला दिसला, तर मागे फिरा. आदल्या दिवशी जोरात बर्फ पडला असेल, वारा सुटला असेल किंवा ऊन एकाएकी तापलं असेल, तरीही. हिमस्खलनाच्या बहुतेक जीवघेण्या अपघातांत बर्फ सुटतो तो त्यात सापडलेल्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या वजनानेच.

आणि हे फक्त गिर्यारोहकांपुरतं नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले. तुम्ही उभे आहात ती जागा सपाट असली, तरी वरचा उतार तुमच्यावर येऊ शकतो. प्रशिक्षण असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर बर्फ कोसळला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. ऐन हिवाळासुद्धा नव्हता तो.

गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांत बाहेर काढलं, तर दहातले नऊ वाचतात, असं आल्प्समधल्या नोंदी सांगतात. अर्ध्या तासानंतर तिघांतला जेमतेम एक. तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. वाचवणार ते शेजारचे सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर गाडलेल्याची जागा कळावी म्हणून रेडिओ संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र, म्हणजे ट्रान्सीव्हर, सॅकमध्ये घडीची लांब शोधकाठी आणि धातूचं फावडं हवं. तिन्ही हवीत. धोक्याचा उतार ओलांडावाच लागला, तर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

पालकांनो, पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन लावा. चंदीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेकडून हिमस्खलनाचे इशारे येतात, ते तुम्ही रोज बघता का? तंबू कोणत्या उताराखाली लागतात? ही तिन्ही साधनं प्रत्येकाला देता का, आणि ती वापरायचा सराव कुठे करून घेता? ‘काही होत नाही हो, आम्ही दरवर्षी नेतो’ एवढंच उत्तर आलं, तर मुलाला त्यांच्याबरोबर पाठवू नका.