कोल्हापुरात डॅफोडिल: कोणता कंद घ्यायचा?

(दृश्य: लाकडी पाटावर एक कांदा आणि डॅफोडिलचे दोन कंद)

पाटावरचा कांदा ओळखायला जरा वेळ लागेल. उरलेले दोन्ही डॅफोडिलचेच, दिसायलाही जुळे. पण कोल्हापुरात लावले तर एकाला महिना-दीड महिन्यात फुलं येतील आणि दुसऱ्याला नुसती पात.

डॅफोडिलची कळी कंदाच्या पोटात आधीच धरलेली असते. ती वर यायला मोठ्या तुतारीच्या, म्हणजे फुलाच्या मधोमध लांब नळी असणाऱ्या जातींना सलग १२ ते १६ आठवडे साधारण ९ अंशांच्या आसपासचा गारठा लागतो. आपल्याकडे जानेवारीतल्या रात्रीही सरासरी १४-१५ अंशांवर थांबतात आणि दुपार तिशीला टेकते. पन्हाळ्यावर थोडं कमी, पण तेवढ्यानं भागत नाही.

(दृश्य: पिवळी तुतारी, जवळून)

म्हणून जगभर नावाजलेल्या जातींची यादी इथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. किंग आल्फ्रेड घ्या. १८९९ साली इंग्लंडमध्ये पुढे आलेली ही जात म्हणजे पिवळ्या तुतारीचा मापदंड. आज तिच्या नावाखाली बहुतेक वेळा डच मास्टर किंवा तसलीच दुसरी जात विकली जाते. कुंडीसाठी टेट-आ-टेट, गुलाबी पेल्यासाठी, म्हणजे फुलाच्या मधल्या वाटीसारख्या भागासाठी, मिसेस आर. ओ. बॅकहाउस. सगळ्या देखण्या, सगळ्या गारठ्याच्या.

ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं डॅफोडिलचे १३ गट पाडलेत. आपल्या कामाचा आठवा, टॅझेटा. नर्गिस म्हणतात ती यातलीच. भूमध्य समुद्राकाठची ही झाडं, एका दांड्यावर फुलांचा झुबका आणि वास भरपूर.

पहिली पसंती पेपरव्हाइट, त्यातही झिवा. पांढरीशुभ्र, गारठा अजिबात न मागणारी. मात्र बंद खोलीत गुलछडीचा वास ज्यांना सहन होत नाही, त्यांनी झिवा उशाशी ठेवू नये. दुसरी ग्रँड सोलेय दोर. पिवळ्या पाकळ्या, नारिंगी पेला. फुलायला पेपरव्हाइटपेक्षा जास्त दिवस घेते, पण रंग हवा असेल तर हीच. अर्लिचियर दुहेरी पाकळ्यांची आणि गोड वासाची, पण तिला थोडी थंडी मानवते, म्हणून तिसरी.

(दृश्य: हातात कंद, अंगठ्यानं बूड दाबताना)

कंद हाताला जड लागला पाहिजे. पेपरव्हाइटचा घेर १४ सेंटिमीटरच्या वर असावा. बूड अंगठ्यानं दाबून बघा. मऊ लागलं, तपकिरी झालं असेल तर ती बूडकूज. फ्युझेरियम बुरशीचा हा रोग गरम, ओल्या मातीत फोफावतो, त्यामुळे पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत कंद लावूच नयेत.

नोव्हेंबरच्या मध्यावर पसरट भांडं घ्या. त्यात ६-७ सेंटिमीटर खडी, वर कंद एकमेकांना जवळजवळ चिकटून. पाणी फक्त बुडाला टेकेल इतकंच, कंद बुडाला की सडला. मुळं धरेपर्यंत आठ-दहा दिवस घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, मग भरपूर उजेडात.

इथे हमखास होणारी तक्रार म्हणजे दांडे लांबतात आणि आडवे होतात. ऊब जास्त, उजेड कमी, हे कारण. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठानं यावर काढलेला उपाय ऐकायला चमत्कारिक आहे. कोंब एक-दोन इंच वर आला की पाणी ओतून टाका. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक वाटी आणि पाणी अकरा वाट्या, हे मिश्रण पुढे पाण्याऐवजी वापरा. मुळांना पाणी ओढणं जड जातं, दांडा बराच आखूड राहतो, फूल मात्र तेवढंच येतं. बिअर किंवा वाइन नको, त्यातली साखर मुळांना बाधते.

(दृश्य: फ्रीज उघडतो)

मोठी तुतारी हवीच असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला कंद लहान कुंडीत लावून, माती ओलसर ठेवून, थेट फ्रीजमध्ये. डिसेंबरच्या मध्याला बाहेर काढा, म्हणजे जानेवारीत फूल. नोव्हेंबरला सुरुवात केली तर कुंडी फेब्रुवारीत बाहेर येते आणि मार्चच्या उन्हात कळ्या जागीच वाळतात. त्या फ्रीजमध्ये केळी, सफरचंद, आंबा काही नको. पिकणाऱ्या फळातून सुटणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. गंमत अशी की इंग्लंडच्या सिली बेटांवर सोलेय दोर लवकर फुलावी म्हणून शेतात धूर करतात, आणि तिथे काम करतो तो धुरातला हाच इथिलीन.

पाण्यावर फुलवलेला कंद रिकामा झालेला असतो. तो खताच्या खड्ड्यात टाका, पुढच्या वर्षाची आशा धरू नका. आणि फ्रीजमधल्या कुंडीवर, शिल्लक कंदांच्या पिशवीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा: विषारी, कांदा नव्हे. आतलं लायकोरिन पोटात गेलं तर उलट्या सुरू होतात, आणि फोडणीत टाकल्यानं ते जात नाही.